उंच म्हणून सेंटर, आणि पुढे सेंटर म्हणून बुटका: तुमचे बास्केटबॉलचे प्रश्न

या वेळी फिलिपिन्समधल्या वाचकांचे प्रश्न एकत्र घेतोय, कारण सगळे फिरून फिरून एकाच ठिकाणी येतात. तिथे वर्गातलं सगळ्यात उंच पोरगं बास्केटखाली, म्हणजे सेंटर म्हणून, उभं केलं जातं आणि चार-पाच वर्षांनी तेच पोरगं त्या जागेला उंचीत कमी पडतं. मग करायचं काय?

प्रश्न: माझे मिस्टर फिलिपिनो आहेत, आम्ही केसॉन सिटीत राहतो. मुलगा १४ वर्षांचा, ग्रेड ९ ला, उंची ६ फूट १ इंच. शाळेच्या टीममध्ये सेंटर आणि बरांगायच्या (वस्तीच्या) लीगमध्येही सेंटर. कोच सांगतात तू खाली थांब, रिबाउंड (हुकलेल्या शॉटचा बॉल) घे आणि बॉल लगेच गार्डला (बॉल पुढे नेणाऱ्या बुटक्या खेळाडूला) दे. घरी तासन् तास ड्रिबल करतो, पण मॅचमध्ये दोनदा ड्रिबल केला की बाहेर बसवतात. त्याच्या बाबांची उंची ५ फूट १०, माझी ५ फूट ४. याचं पुढे काय होणार? – एक आई, केसॉन सिटी

ताई, तुम्ही दोघांची उंची लिहिलीत ते फार बरं केलंत, अर्धं उत्तर त्यातच आहे. मुलाच्या उंचीचा अंदाज काढायची एक ढोबळ रीत आहे, आईबाबांची उंची सेंटीमीटरमध्ये मिळवायची, त्यात १३ टाकायचे आणि निम्मं करायचं. तुमच्या घरात ते साधारण १७७ येतं, आणि त्याच्या वरखाली आठ-नऊ सेंटीमीटर धरतात. तुमचा मुलगा आत्ताच १८५ आहे, म्हणजे अंदाजाच्या वरच्या टोकाला जाऊन बसलाय. आता ही रीत म्हणजे काही पत्रिका नाही, तो अजून वाढेलही, पण लवकर वयात आलेला मुलगा असण्याची शक्यता बरीच आहे, ज्याची वाढ इतरांच्या आधी झाली आणि इतरांच्या आधी थांबेल. तो ६ फूट ८ होईल असं धरून त्याला खेळवणं म्हणजे न लागलेल्या लॉटरीवर घर बांधणं.

आता पुढची शिडी बघा. १८५ सेंटीमीटरचा मुलगा शाळेत सेंटर. कॉलेजला यूएएपीमध्ये (मनिलातल्या विद्यापीठांच्या लीगमध्ये) गेला की त्या जागेवर बऱ्याच टीममध्ये परदेशी विद्यार्थी-खेळाडू असतो, दोन मीटरच्या वरचा. २०१६ ते २०२२ या काळात यूएएपी पुरुषांचा एमव्हीपी (सीझनचा सर्वोत्तम खेळाडू) कोण कोण झालं ते आठवा: बेन म्बाला दोनदा, मग ब्राइट अकुएटी, सुलेमान शाबी यो, आंज कुआमे, मलिक जूफ. सगळे परदेशातून आलेले बिग मॅन, म्हणजे बास्केटजवळ खेळणारे उंच खेळाडू (२०२० चा सीझन कोविडमुळे झालाच नाही). पीबीएमध्ये, म्हणजे फिलिपिन्सच्या व्यावसायिक लीगमध्ये, त्या जागेवर ६ फूट १० चा जून मार फाहार्डो, ज्याने २०१४ ते २०१९ सलग सहा एमव्हीपी नेले. म्हणजे तुमच्या मुलाला आज जी जागा दिलीय ती जागा पुढे त्याच्यासाठी मोकळी नसणारच, आणि ज्या जागा मोकळ्या आहेत त्यांचं शिक्षण त्याला आज कुणी देत नाहीये. अडचण ही आहे. त्याची उंची कमी आहे ही अडचण नाही.

आणि परदेशी एमव्हीपींची ही माळ तोडली कुणी? दे ला साल युनिव्हर्सिटीच्या केव्हिन कियाम्बाओने, २०२३ ला आणि परत २०२४ ला. उंची ६ फूट ६ च्या आसपास, शरीराने दणकट, उडी काही फार डोळे दिपवणारी नाही, पण रिबाउंड घेऊन स्वतः बॉल वर नेतो, एल्बोवर (फ्री थ्रो लाइनच्या टोकाला) उभा राहून गार्डसारखे पास देतो, बाहेरून थ्री (तीन पॉइंटचा शॉट) मारतो. पॉइंट सेंटर म्हणा हवं तर. तिथून तो कोरियन लीगमध्ये गेला. आता तुमच्या मुलाची उंची तेवढी होईलच असं नाही, पण उंचीच्या जोडीला अजून काहीतरी हवं हे त्याच्याकडून शिकण्यासारखं आहे. कॅल्विन अबुएवा बघा, ६ फूट २ चा माणूस पीबीएमध्ये वर्षानुवर्षं फोरच्या जागेवर (पॉवर फॉरवर्ड, सेंटरच्या जोडीला खाली खेळणारा) खेळला, स्वतःपेक्षा अर्धा फूट उंच माणसांशी, कारण तो त्यांच्या आधी पळतो, आधी भिडतो आणि बॉल हातात आला की ड्रिबल करून पुढे जाऊ शकतो.

कोचशी भांडू नका. त्यांच्यावरही जिंकायचा दबाव असतो, फिएस्टाच्या लीगमध्ये तर आख्खी गल्ली कठड्याला टेकून त्यांना सल्ले देत असते. एकच गोष्ट मागून बघा: स्वतः रिबाउंड घेतल्यावर त्याला तीन ड्रिबलची मुभा द्या, तीन ड्रिबलमध्ये पास दिसला नाही तर गार्डला देईल. एवढं बहुतेक कोच मान्य करतात, कारण त्यात टीमचा फास्ट ब्रेकही लवकर सुटतो. आणि शाळेत नाहीच ऐकलं तर बरांगायच्या लीगमध्ये मागा, तिथे हार-जीत थोडी हलकी असते (निदान मिजेट, म्हणजे लहान मुलांच्या डिव्हिजनमध्ये तरी). एक मात्र सांभाळा, त्याला खालचं काम घाण वाटायला लागू देऊ नका, बॉक्स-आउट (रिबाउंडसाठी समोरच्याला अंगाने मागे अडवणं) आणि बास्केटखालच्या पायांच्या हालचाली त्याला आयुष्यभर लागणार आहेत, गार्ड झाला तरी.

प्रश्न: सर मी सेबूला राहतो, वय १७, उंची ६ फूट ४. फाहार्डो आमच्या सेबूचा म्हणून लहानपणापासून त्याच्यासारखं पोस्टमध्ये खेळायचं होतं. आता सगळे म्हणतात थ्री शिक नाहीतर तुझं काही होणार नाही. रोज ३०० थ्री मारतोय, मॅचमध्ये लागत नाहीत. काय चुकतंय?

अरे, आधी ३०० थ्री बंद कर. राग नको मानूस, पण थकलेल्या पायांनी मारलेले शेवटचे शंभर-दीडशे शॉट तुला वाकडा शॉटच पक्का करून देतात. फिबाची, म्हणजे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल संघटनेची, थ्रीची लाइन ६.७५ मीटरवर आहे, तिथून बॉल पोचवायला खांदा आणि कंबर फिरवावी लागत असेल तर ते अंतर तुझं नाहीये अजून. जवळून सुरू कर, एका हाताने, बॉल सरळ वर जातोय का बघ, मग फ्री थ्रो, मग कॉर्नर, कारण कॉर्नरला लाइन थोडी जवळ येते. माझं मत विचारशील तर फ्री थ्रोची टक्केवारी नीट झाल्याशिवाय थ्रीचा विषयच काढू नये. तू खाली खेळणारा आहेस, तुला फाउल मिळणारच, तिथले पॉइंट आधी घे.

आता मोठी गोष्ट. हे जे सगळे थ्री थ्री करतायत ना, ते अर्धंच खरं आहे. फिबाच्या नियमात डिफेन्सच्या माणसाला तीन सेकंदांत पेंटच्या (बास्केटसमोरच्या रंगवलेल्या चौकोनाच्या) बाहेर पडायची सक्ती नाही, त्यामुळे समोरचा सात फुटी बास्केटखाली तंबू ठोकून बसू शकतो, आणि त्याला बाहेर ओढायला कुणीतरी बिग बाहेरून मारणारा लागतो, हे बरोबरच आहे. गिलासच्या, म्हणजे फिलिपिन्सच्या राष्ट्रीय टीमच्या, २०१४ च्या संघात रॅनिडेल दे ओकाम्पो हेच काम करायचा, ६ फूट ६ चा, वर्ल्ड कपमध्ये भल्याभल्या बिग लोकांना लाइनपर्यंत यायला लावलं त्याने. पण ते बाहेर आले की पुढे काय? समोरचा अंगावर धावून आला, तू पंप फेक (शॉटचा खोटा आव) दिलास, तो हवेत गेला, आता तुझ्यापुढे मोकळा रस्ता आहे आणि तुला एक ड्रिबल टाकून थांबता येत नाही, थांबलास तर पास दिसत नाही, तर तो थ्री काय कामाचा? म्हणून मी उलटा क्रम सांगतो: आधी पाय, मग पास, मग शॉट.

पाय म्हणजे काय, तर दोन पायांवर थांबणं, पिव्होट (एक पाय रोवून वळणं), ड्रॉप स्टेप (मागचा पाय बास्केटकडे टाकणं), अप अँड अंडर (शॉटचा आव आणून हाताखालून जाणं), आणि दोन्ही हातांनी फिनिश. तुझ्यापेक्षा उंच माणसावरून मारायचं असेल तर उडी तुला वाचवणार नाही, अचूक टायमिंग वाचवेल, म्हणजे तो उडायच्या आधी किंवा तो खाली येताना मारायचं. फ्लोटर (पळता पळता हळूच उंच टाकलेला शॉट) शीक. छोटा हुक (बाजूला वळून एका हाताने डोक्यावरून मारलेला शॉट) शीक, डाव्या हाताचा पण. कोर्टवर एखाद्या मित्राला झाडू उभा धरायला सांग आणि झाडूवरून मार, हसतील सगळे, हसू दे.

पासचं म्हणशील तर रॅमन फर्नांडेझचं नाव घरात मोठ्यांना विचार. साडेसहा फुटांच्या आतला सेंटर, चार वेळा एमव्हीपी, पीबीएच्या इतिहासात सगळ्यात जास्त पॉइंट, १८,९९६, आणि असिस्टच्या (ज्या पासवर बास्केट होतो त्याच्या) यादीतही एकदम वरच्या नावांत. सेंटर आणि असिस्ट! ती जुनी परंपरा तुमच्याकडचीच आहे, अमेरिकेकडून उसनी आणायची गरज नाही. त्याच्याही आधी कार्लोस लोयझागा, ६ फूट ३ चा सेंटर, १९५४ ला रिओच्या वर्ल्ड चॅम्पियनशिपमध्ये फिलिपिन्सने ब्राँझ घेतलं तेव्हा स्पर्धेच्या सर्वोत्तम पाचात होता. आज ६ फूट ३ ला गार्ड म्हणतात.

फाहार्डोसारखं खेळायचं नाही असं मी म्हणत नाहीये. त्याचे हात बघ, बॉल कुठूनही आला तरी पकडतो, आणि डबल टीम (दोघं एकदम अंगावर) आली की घाई करत नाही. त्या दोन गोष्टी ६ फूट ४ लाही घेता येतात. त्याच्या खांद्याची उंची घेता येत नाही, ती सोडून दे.

प्रश्न: मी दाव्हावला मेडिकलला आहे, मूळचा लातूरचा. हॉस्टेलजवळच्या बरांगायच्या कव्हर्ड कोर्टवर संध्याकाळी पोरांना शिकवायला मदत करतो. एकच कोर्ट, चार बॉल, १४-१५ पोरं, एक तास. तीन पोरं जरा उंच आहेत, बाकी सगळी गार्ड. त्या तिघांसाठी वेगळं काय घेऊ?

वेगळं काहीच घेऊ नकोस. ती तीन पोरं बाजूला काढून बास्केटखाली नेलीस की झालंच, तू पण तेच केलंस जे सगळे करतात. बॉल हँडलिंगला सगळी पोरं एकत्र. उंच पोराचा बॉल पहिले काही आठवडे पायाला लागून पळेल, त्याला हसू येईल, रडूही येईल. उंच पोरांनी ड्रिबल खाली ठेवायला शिकणं त्रासाचंच असतं कारण बॉलला जमिनीपासून हातापर्यंतचा प्रवास जास्त, तेवढा चोराला वेळ जास्त. गुडघे वाकवायला लाव आणि दुर्लक्ष कर.

तासाची वाटणी मी अशी करेन. सुरुवातीला दहा-बारा मिनिटं ड्रिबल आणि थांबणं. मग मिकन ड्रिल (बास्केटखाली एकदा उजवीकडून, एकदा डावीकडून सलग जवळचे शॉट) सगळ्यांना, गार्डनाही, सरळ आणि उलटं, दोन्ही हातांनी. मग वीस मिनिटं एकच गोष्ट: उंच पोरगा फ्री थ्रो लाइनच्या टोकाला, म्हणजे एल्बोवर बॉल घेतो, आणि त्याला तीनच पर्याय, कट मारणाऱ्याला पास, जवळून पळणाऱ्या गार्डला हातातून बॉल देणं, किंवा समोरचा झोपला असेल तर स्वतः जाणं. डिफेन्सला तू आधीच कानात सांगून ठेव काय करायचं, उंच पोराला सांगू नकोस, म्हणजे त्याला बघून ठरवावं लागेल. सुरुवातीला दहातले सात चुकतील. आरडाओरडा करू नकोस, फक्त विचार की तुला काय दिसलं. पोरं इतकी मजेशीर उत्तरं देतात ना, आणि त्यातच कळतं की त्याने कट मारणारा बघितलाच नव्हता, तो कट मारणाऱ्याच्या बुटांकडे बघत होता.

मग चार विरुद्ध तीन. गार्डवर दोघं धावून गेलेत असं धरायचं, बॉल उंच पोराकडे पेंटच्या मधोमध, पुढे तीन डिफेंडर, बाजूला तीन साथीदार. त्याला दीड सेकंदात ठरवायचंय. पिक अँड रोलमध्ये (बिगने गार्डच्या डिफेंडरला अडवून मग बास्केटकडे वळणं) छोट्या बिगचं पोटपाणी याच जागेवर आहे, कारण शेवटपर्यंत रोल करून वरून डंक मारणं त्याला जमणार नाही, पण मधे थांबून पास देणं जमेल. हे एकच ड्रिल घ्यायला वेळ असेल तर हेच घे.

शेवटी मॅच, पण ड्रिबलशिवाय. नुसते पास. आणि जागा फिरवायच्या, आज सेंटर तर उद्या विंग (कडेला खेळणारा).

डिफेन्स राहिला, तो महत्त्वाचा आहे. छोटा बिग मैदानावर टिकतो तो दोन कारणांनी: स्विच झाल्यावर (डिफेंडरनी माणसं बदलल्यावर) गार्डसमोर पाय हलतात, आणि खाली मोठ्या माणसाला बॉल मिळायच्याच आधी त्याच्याशी झटापट सुरू करतो. पुढून उभं राहायचं, मांडीने मांडी अडवायची, बॉल उडाला की आधी माणूस शोधायचा मग बॉल. ज्याची कंबर खाली त्याची जागा पक्की. तू मेडिकलचा आहेस म्हणून अजून एक सांगतो, काँक्रीटवर उडी मारल्यावर उतरायचं कसं हे शिकव, दोन्ही पायांवर, गुडघे आत न वळवता. चप्पल घालून येणारी पोरं असतीलच, त्या दिवशी त्यांना उड्या नकोत, पासिंगमध्ये घे.

प्रश्न: तुम्ही छोट्या बिगचं कौतुक करता, पण हांगझोऊला एशियन गेम्सचं गोल्ड आलं ते फाहार्डो, कुआमे आणि ब्राउनलीच्या जोरावर. उंच माणसं आणि नागरिकत्व दिलेले खेळाडू, हेच उत्तर आहे ना? मग बारक्या पोरांवर मेहनत कशाला? – एक वाचक, मकाती

ते गोल्ड २०२३ चं, १९६२ नंतरचं पहिलं, आणि हो, उंची लागली, नाही कोण म्हणतंय. पण तुम्ही ज्या ब्राउनलीचं नाव घेतलंत त्याची उंची बघा की! साडेसहा फुटांच्या आसपास. तो फोर खेळतो, बॉल आणतो, पास देतो, आणि चीनविरुद्धच्या सेमीफायनलमध्ये शेवटी मारलेले थ्री त्याचेच, ७७-७६ ने फिलिपिन्सने जिंकला तो सामना. म्हणजे जो खेळाडू बाहेरून आणायची वेळ आली तो आपण ज्याबद्दल बोलतोय त्याच जातीचा निघाला.

दुसरं उदाहरण मला जास्त आवडतं. २०१३, मनिला, फिबा एशियाची सेमीफायनल, समोर कोरिया ज्याने अनेक वर्षं रडवलेलं. मार्कस डाउथिट हा नागरिकत्व दिलेला सेंटर दुखापतीने बाहेर गेला आणि बाकी वेळ खालची जागा मार्क पिंग्रिससारख्या साडेसहा फुटांच्या आतल्या माणसाने ओढून धरली. ८६-७९. त्यावर १९७८ नंतर पहिल्यांदा फिलिपिन्सला वर्ल्ड कप खेळायला मिळाला. फायनलला मात्र इराणच्या सात-दोनच्या हामेद हद्दादीपुढे डाळ शिजली नाही, ८५-७१ ने हरले, तेही सांगायला पाहिजे. उंचीला मर्यादा आहे आणि कौशल्यालाही आहे.

पण हिशोब असा आहे की नागरिकत्व दिलेला खेळाडू फिबाच्या स्पर्धेत टीममध्ये एकच चालतो, आणि काई सोतो या खेळाडूसारखा सव्वासात फुटी पोरगा देशात रोज जन्मत नाही. ६ फूट ३ ते ६ फूट ६ ची पोरं मात्र प्रत्येक प्रांतात आहेत. कार्ल तामायोसारखा एखादा, ज्याला कॉलेजमध्येच बाहेर खेळू दिलं, तो यूपीला (युनिव्हर्सिटी ऑफ द फिलिपिन्सला) ३६ वर्षांनी यूएएपीचं विजेतेपद मिळवून देणाऱ्या टीममध्ये होता आणि मग जपान-कोरियात गेला. बाकीच्यांना वयाच्या तेराव्या वर्षी खाली उभं केलं की विसाव्या वर्षी त्यांच्याकडे विकायला काहीच उरत नाही. खर्च काय आहे त्यात? एक बॉल आणि कोचचा थोडा संयम. दुसरी गोष्ट जास्त महाग आहे, मान्य.

प्रश्न: मुलगा १३ वर्षांचा, झपाट्याने वाढतोय. उंचीसाठी सिरप चालू आहे आणि रोज बारला लटकतो. हल्ली गुडघ्याच्या वाटीखाली दुखतं म्हणतो, टेंगूळ आल्यासारखं वाटतं. शाळेची टीम, बरांगायची लीग आणि चर्चची लीग तिन्ही चालू आहेत. – एक बाबा, इलोइलो

लटकल्याने हाडं लांब होत नाहीत, पकड चांगली होते, रिबाउंडला उपयोगी पडेल म्हणून लटकू दे. सिरपमध्ये जीवनसत्त्वं असतात, खाण्यात कमतरता असेल तर भरून निघते, नसेल तर उंचीत फरक पडत नाही. झोप मात्र बघा, रात्री अकराला संपणाऱ्या लीगच्या मॅच या वयात नकोत.

वाटीखालचं दुखणं आणि टेंगूळ हे वाढत्या वयात भरपूर उड्या मारणाऱ्या मुलांमध्ये नेहमी दिसतं, बहुतेक वेळा वाढ थांबली की जातं, पण डॉक्टरांना एकदा दाखवाच, खासकरून रात्री दुखत असेल, सूज असेल किंवा लंगडत असेल तर. तोवर उड्या कमी, पण खेळ बंद नको. बसून किंवा उभ्याने पासिंग, जागेवर ड्रिबल, जवळून एका हाताने शॉट, हे सगळं चालतं, उलट ज्या गोष्टी त्याला एरवी कुणी शिकवल्या नसत्या त्यांना आता वेळ मिळालाय. तीनपैकी एक लीग आजच सोडा. कोणती ते त्यालाच ठरवू द्या, फक्त तो जी सांगेल ती मित्रांची लीग आहे की जिथे त्याला बॉल हातात मिळतो ती आहे, एवढं विचारून घ्या.